पिक लाइन, पालखीचे दिवस आणि सलाईनची उघडी बाटली : एका लाइन-संसर्गाचं प्रकरण

पुण्यातल्या कर्करोग केंद्रांमध्ये जे पुन्हा पुन्हा समोर येतं, त्यावरून हे प्रकरण रचलं आहे. ते कोणा एका रुग्णाचं नाही. उपचारांचा क्रम, डोस आणि तपासण्यांचे निकष मात्र प्रत्यक्षात वापरले जातात तेच आहेत.

रुग्ण 52 वर्षांच्या, सासवडच्या, वजन 60 किलो. उजव्या स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, काखेतल्या गाठीही काढलेल्या. पुढचा बेत असा होता : डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडचे चार डोस, दर 21 दिवसांनी एक, आणि त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, बारा वेळा. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि स्नायू जाळतं. उजवा हात काखेच्या शस्त्रक्रियेमुळे सुया टोचायला बाद, डाव्या हाताच्या शिरा बारीक. म्हणून डाव्या दंडातल्या बॅसिलिक शिरेतून पिक लाइन, म्हणजे दंडातून हृदयापर्यंत नेलेली बारीक लांब नळी, बसवली : एका मार्गाची, 4 फ्रेंच जाडीची, आत 41 सेंटिमीटर, टोक हृदयाच्या तोंडाशी. केमोपोर्टचा, म्हणजे पूर्णपणे कातडीखाली राहणाऱ्या मार्गाचा, विषय निघाला होता, पण पोर्ट म्हणजे आणखी एक छोटी शस्त्रक्रिया आणि जास्त खर्च. घरच्यांनी पिक लाइन निवडली. त्या वेळी तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

पिक लाइनचं एक बंधन असतं. वापर असो वा नसो, आठवड्यातून एकदा ती सलाईननं धुवावी लागते आणि ड्रेसिंग बदलावं लागतं. पहिल्या डोसनंतरची सगळी धुणी आणि दुसऱ्या डोसनंतरचं पहिलं धुणं पुण्याच्या डे-केअरमध्येच, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायच्या विभागात, झालं.

दुसऱ्या डोसच्या 15 व्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड मुक्कामी होती. दिवे घाट वाहनांना बंद, गाव वारकऱ्यांनी भरलेलं. पुण्याला येणं जमणार नव्हतं, म्हणून गावातल्याच एका दवाखान्यात लाइन धुऊन घेतली. तिसरा डोस ठरल्या दिवशी पुण्यात झाला. त्या संध्याकाळी बाईंना थोडी थंडी वाजली, ताप 99.7 फॅरनहाइट. केमोचा परिणाम समजून ते सोडून दिलं गेलं. या तिसऱ्या डोसच्या आठव्या दिवशी (पुढचे दिवसही याच डोसपासून मोजलेले आहेत) पावसात घाट उतरण्यापेक्षा बरं म्हणून धुणं पुन्हा त्याच दवाखान्यात केलं. या वेळी घरी पोचल्यावर हुडहुडी भरली आणि ताप 101 पर्यंत गेला. दवाखान्यातून कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या मिळाल्या, पावसाळी ताप म्हणून. ताप उतरला. दहाव्या दिवशी रात्री तो 102.4 झाला आणि घरच्यांनी गाडी करून पुणं गाठलं.

पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी त्या दाखल झाल्या. नाडी 118, रक्तदाब 100/64, ऑक्सिजन 97 टक्के, पूर्ण शुद्धीवर. तोंडात फोड नाहीत, पोट मऊ, जुलाब नाहीत, छाती स्वच्छ. पिक लाइन जिथून कातडीतून बाहेर येते ती जागा कोरडी होती : लाली नाही, पू नाही, दाबल्यावर दुखत नाही. पांढऱ्या पेशी 900, त्यांतले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 320, प्लेटलेट 88,000. कमरेत इंजेक्शनच्या जागी हाताच्या तळव्याएवढा निळसर डाग. प्लेटलेट कमी असताना स्नायूत इंजेक्शन दिलं की हे होतं. केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला तर इंजेक्शन कमरेत टोचू नये आणि थर्मामीटर गुदद्वारात घालू नये, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं.

न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि ताप एकदा जरी 38.3 सेल्सिअस, म्हणजे 101 च्या आसपास, किंवा तासभर सलग 38, म्हणजे 100.4, तर तो आणीबाणीचा ताप. पहिली प्रतिजैविकाची मात्रा तासाच्या आत रक्तात जायला हवी. पण त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी, हवंच, कारण औषध गेल्यानंतर घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता बरीच घटते.

ड्युटीवरच्या सिस्टरनं कल्चर घेताना एकच प्रश्न विचारला, "ताई, लाइन धुतल्यावर किती वेळानं थंडी वाजली?"

"घरी आले, चहा टाकला, तोवर दात वाजायला लागले."

दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणजे धुण्यापासून हुडहुडीपर्यंत अर्धा तास. या एका उत्तरानं तपासाची दिशा ठरली. लाइनच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, जमलेला असेल तर सलाईनच्या झोतानं त्यातले जंतू सुटून थेट रक्तात जातात आणि अर्ध्या ते एक तासात हुडहुडी भरते. बाहेरची जागा अगदी स्वच्छ असतानाही हे होतं. पहिल्या आठ-दहा दिवसांतला संसर्ग बहुधा कातडीवरून, नळीच्या बाहेरच्या बाजूनं आत शिरतो. लाइन जुनी झाली की वाट बदलते : जंतू हबमधून, म्हणजे सिरिंज जोडायच्या तोंडातून, आतल्या पोकळीत जातात. या लाइनला 50 पेक्षा जास्त दिवस झाले होते. त्यामुळे बाहेर लाली नसणं हा लाइन निर्दोष असल्याचा पुरावा होऊ शकत नव्हता.

आता तिसऱ्या डोसच्या संध्याकाळची थंडी आठवा. त्या दिवशीही लाइनमधून औषध गेलं होतं. ताप फारसा चढला नाही याला कारण होतं : उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन 12 मिलिग्रॅम दिलेलं होतं आणि स्टेरॉइड ताप दाबतं. पहिली खूण तेव्हाच मिळाली होती. डे-केअरच्या नोंदीत "थंडी, केमोनंतर" एवढंच लिहिलेलं आहे. लाइन सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, ते लिहिलेलं नाही.

कल्चर कसं घेतलं ते सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. एक संच पिक लाइनमधून, एक हाताच्या शिरेतून, दोन्ही काही मिनिटांच्या अंतरानं आणि दोन्हीकडे सारखंच रक्त : प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. एका बाटलीत 10 मिली आणि दुसरीत 4 गेलं तर वेळेची तुलना फसते. लाइनमधलं पहिलं रक्त फेकलेलं नाही. आतल्या पोकळीत काय आहे तेच तर पाहायचं होतं. शिरेतलं रक्त कुठून घ्यायचं हा पेच होता. उजवा हात बाद, डाव्या दंडात पिक. डाव्या हाताच्या पंज्यामागची शीर निवडली आणि दोरी मनगटाच्या जरा वर बांधली. बाटल्यांवर जागा आणि वेळ लिहिली : "डावी पिक, 2.25" आणि "डावा पंजा, 2.30". नुसतं "कल्चर 1, कल्चर 2" असं लिहून गेलेल्या बाटल्या तुलनेच्या कामाच्या नसतात.

2.50 ला पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम, पुढे दर 6 तासांनी. सोबत व्हॅन्कोमायसिन 1.5 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 25 मिलिग्रॅमचा पहिला डोस, दीड तासात हळूहळू. ताप आलेल्या प्रत्येक केमो रुग्णाला व्हॅन्कोमायसिन लागत नाही. इथे ते दिलं ते लाइनचा ठोस संशय होता म्हणून. कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस हे लाइनचे नेहमीचे गुन्हेगार, आणि त्यांतले बरेच पिपरॅसिलिनला जुमानत नाहीत. दोन्ही औषधं पंज्यावरच्या छोट्या कॅन्युलातून दिली. धुतल्यावर हुडहुडी भरणाऱ्या लाइनमधून आणखी काही ढकलणं म्हणजे जंतूंचा नवा हप्ता रक्तात सोडणं.

पिकच्या बाटलीनं 14 तास 10 मिनिटांनी जंतूंची वाढ दाखवली, पंज्याच्या बाटलीनं 18 तास 20 मिनिटांनी. फरक 250 मिनिटं. लाइनची बाटली शिरेच्या बाटलीआधी 120 मिनिटं किंवा जास्त वेळ पॉझिटिव्ह झाली तर उगम लाइनमध्येच, असा निकष आहे. तर्क साधा आहे : जिथे जंतू दाट, तिथली बाटली आधी बोलते. हे महत्त्वाचं का, तर न्यूट्रोफिल तळाला असताना आतड्याच्या अस्तराला इजा होऊन तिथले इ. कोलाय, क्लेबसिएला रक्तात येतात आणि लाइन बिचारी निर्दोष असते. दोष नसलेली लाइन काढली तर रुग्णाचा चांगला मार्ग जातो. दोषी लाइन ठेवली तर माणूस जाऊ शकतो.

ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, ग्राम-निगेटिव्ह दांडके दिसले. त्यांच्यावर व्हॅन्कोमायसिन चालत नाही. संध्याकाळी व्हॅन्कोमायसिन बंद केलं. पिपरॅसिलिन आणि व्हॅन्कोमायसिन एकत्र फार दिवस चालू ठेवल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, आणि क्रिएटिनिन 0.8 वरून 1.0 ला आलंच होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा फोन : लॅक्टोज न पचवणारा, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जंतू. हे वर्णन आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंचं नाही. ते स्यूडोमोनस किंवा त्याच्या भावकीचं, ओल्या जागी राहणाऱ्यांचं. ताप अजून 101.5 वर. नुसता ताप टिकला म्हणून औषध बदलायचं नसतं. न्यूट्रोफिल खाली असताना योग्य औषधावरही ताप तीन-चार दिवस रेंगाळतो. इथे मात्र जंतूची ओळखच पटत चालली होती. पिपरॅसिलिन थांबवून मेरोपेनेम 1 ग्रॅम दर 8 तासांनी सुरू केलं आणि त्याच दुपारी, 12 व्या दिवशी, लाइन काढली.

लाइन वाचवायचा प्रयत्न का नाही? रुग्ण स्थिर असेल आणि जंतू कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस असेल, तर प्रतिजैविकाचं तीव्र द्रावण नळीत तासन् तास कोंडून ठेवून, म्हणजे लॉक पद्धतीनं, आणि सोबत शिरेतून औषध देऊन 10 ते 14 दिवसांत लाइन वाचू शकते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनस, कँडिडा बुरशी, क्षयासारखे पण वेगानं वाढणारे मायकोबॅक्टेरिया यांच्या बाबतीत लाइन काढायचीच. रक्तदाब घसरत असेल किंवा योग्य औषधावर 72 तासांनंतरही कल्चर पॉझिटिव्ह येत असेल तर जंतू कोणताही असो, लाइन जाते. ओल्यातल्या या जंतूंचा बायोफिल्म लॉकनं सुटण्याची खात्री नसते. आणि पिक लाइन बदलता येते.

काढणं दहा मिनिटांचं काम, पण नीट करायचं. बाईंना उताणं झोपवलं, हात हृदयाच्या पातळीखाली. कातडी क्लोरहेक्सिडिननं पुसून पूर्ण वाळू दिली, नाहीतर टोकाला कातडीवरचे जंतू चिकटतात आणि अहवाल भलतंच सांगतो. श्वास रोखून जोर लावायला सांगून लाइन हळूहळू, दोन-दोन सेंटिमीटर ओढली. पाच मिनिटं दाब, वर हवाबंद ड्रेसिंग. बाहेर आलेली लांबी मोजली : 41 सेंटिमीटर, पूर्ण. निर्जंतुक कात्रीनं टोकाचे 5 सेंटिमीटर कोरड्या निर्जंतुक डबीत. दंडाच्या शिरेत गुठळी आहे का हे डॉपलरनं पाहिलं, नव्हती. 36 तासांत ताप उतरला.

जंतूचं नाव 13 व्या दिवशी आलं : बर्कहोल्डेरिया सेपेशिया. नळीचं टोक जिलेटिनसारख्या पोषक थाळीवर लाटण्यासारखं फिरवून वाढणाऱ्या वसाहती मोजतात. 15 किंवा जास्त आल्या तर टोक दूषित धरतात. इथे 15 च्या कितीतरी वर, आणि तोच जंतू. मेरोपेनेम, सेफ्टाझिडिम आणि को-ट्रायमॉक्साझोल तिन्ही लागू. कोलिस्टिन आणि अमिकासिन यांना हा जंतू जन्मजात दाद देत नाही. म्हणजे ताप उतरत नाही म्हणून कोणी घाईत कोलिस्टिन जोडलं असतं, तर मूत्रपिंडाची किंमत मोजून हाती काहीच लागलं नसतं.

या नावात उगमाचाही पत्ता असतो. बर्कहोल्डेरिया माणसाच्या कातडीवर किंवा आतड्यात सहसा राहत नाही. तो पाण्यात राहतो, डिस्टिल्ड वॉटरमध्येही वाढतो, आणि पोव्हिडोन-आयोडीन किंवा सोनोग्राफीच्या जेलसारख्या गोष्टींमधून त्याच्या साथी झालेल्या आहेत. रक्तात तो सापडला की विचारायचं : कोणतं द्रव बाहेरून आत गेलं?

आधी स्वतःचं घर तपासलं. डे-केअरमध्ये धुण्यासाठी 10 मिलीचे एकदाच वापरायचे अ‍ॅम्प्युल, त्यांचा लॉट तोच असलेल्या इतर कोणालाही ताप नाही. सोनोग्राफी जेल, जंतुनाशकाच्या बाटल्या, सिंकच्या तोटीचे नमुने निगेटिव्ह. मग गावातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. 500 मिलीची सलाईनची बाटली सकाळी उघडायची, रबरी बुचात एक सुई खुपसून ठेवायची आणि दिवसभर ज्याला लागेल त्याच्यासाठी त्यातून सिरिंज भरायची. बाटली संपली नाही तर उद्याही तीच. ड्रेसिंग, मूतखड्याची इंजेक्शनं पातळ करणं, लाइन धुणं, सगळं त्याच बाटलीतून. दोन्ही वेळची बाटली केव्हाच फेकली गेली होती, त्यामुळे तिच्यात हाच जंतू होता असं सिद्ध करता येणार नाही. पण बाकी सगळे धागे तिथेच जातात.

ही पद्धत त्या एकाच दवाखान्याची नाही. लहान दवाखान्यांत आणि मोठ्या वॉर्डांतही ती दिसते. सलाईनमध्ये जंतू रोखणारं काहीही नसतं. बुचात अडकवलेली सुई म्हणजे बाटलीचं उघडं तोंड, आणि पावसाळ्यातल्या दमट खोलीत एका ओल्या हाताचा स्पर्श पुरतो. धडधाकट माणसाच्या ड्रेसिंगला त्यानं कदाचित काही होणार नाही. थेट हृदयाच्या तोंडाशी उघडणाऱ्या नळीतून, पांढऱ्या पेशी तळाला असलेल्या माणसात तेच पाणी गेलं तर काय होतं ते इथे दिसलं.

दुसरी उणीव हबची. हब पुसला होता, पण कोरड्या कापसानं. 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॅबनं 15 सेकंद घासायचं, लिंबू पिळल्यासारखं वळवत, आणि मग वाळू द्यायचं. ओलं असताना सिरिंज लावली तर अल्कोहोलला जंतू मारायला वेळच मिळत नाही. सिरिंज 10 मिलीपेक्षा लहान नको, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि नळी फाटू शकते. ढकल-थांब-ढकल अशा पद्धतीनं द्यायचं, म्हणजे आत भोवरे तयार होऊन भिंत धुतली जाते. शेवटचा अर्धा मिली आत जात असतानाच नळीचा चिमटा (क्लॅम्प) बंद करायचा, म्हणजे रक्त टोकात परत ओढलं जात नाही. नळीत थिजलेलं रक्त हे जंतूंचं आवडतं अंथरूण. पारदर्शक ड्रेसिंग दर 7 दिवसांनी, गॉझ असेल तर दर 2 दिवसांनी, आणि पावसात भिजलं किंवा कडा सुटल्या तर त्याच दिवशी.

हा संसर्ग रुग्णालयाच्या आकडेवारीत बसत नाही. वॉर्डातले लाइन-संसर्ग 1000 कॅथेटर-दिवसांमागे, म्हणजे लाइन शरीरात असल्याच्या दिवसांमागे, मोजले जातात. बाई घरी होत्या, त्यामुळे या लाइनचे बहुतेक दिवस कोणाच्याच वहीत नाहीत. केमोचे रुग्ण मात्र लाइन घेऊन बहुतेक वेळ घरीच असतात. डे-केअरनं स्वतःची वही ठेवली नाही तर हे संसर्ग कायम "पावसाळी ताप" म्हणूनच नोंदले जातील.

लाइन काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे 13 व्या दिवशी घेतलेलं कल्चर निगेटिव्ह आलं. तिथून 14 दिवस मोजले. सात दिवस मेरोपेनेम. न्यूट्रोफिल 1,400 झाल्यावर को-ट्रायमॉक्साझोल 160/800 ची गोळी दिवसातून तीनदा. हे औषध अस्थिमज्जेवर ताण देतं, म्हणून पेशी वर येण्याआधी ते दिलं नाही; आणि पोटॅशियम वाढवतं, म्हणून गोळी सुरू केल्यापासून तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी तपासलं. लेव्होफ्लॉक्सासिनचा पर्याय होता, पण आपल्याकडे ते लपलेला क्षय झाकतं आणि उलटीच्या औषधांबरोबर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, म्हणून टाळलं.

28 व्या दिवशी डाव्या छातीत कातडीखाली पोर्ट बसवला. पुढे बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आहे. पोर्टची सुई केमोच्या दिवशीच घातली आणि काढली जाते, मधल्या काळात कातडीबाहेर काहीच राहत नाही. उपचार संपल्यावरही चार ते सहा आठवड्यांतून एकदा धुणं पुरतं, आणि तेवढ्यासाठी पुण्याला येणं शक्य आहे. गावातल्या डॉक्टरांकडे 10 मिलीच्या अ‍ॅम्प्युलचा एक खोका आणि अल्कोहोल स्वॅब पाठवले. बाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत दोन ओळी चिकटवल्या : "शरीरात पोर्ट आहे. ताप 100.4 किंवा थंडी वाजली तर गोळी घेऊन थांबू नका, लगेच फोन करा." खाली डे-केअरचा आणि रात्रपाळीचा नंबर.

चौथा डोस 30 व्या दिवशी झाला, ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा, आणि 24 तासांनी पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिम 6 मिलिग्रॅम. पोर्ट धुतल्यावर त्यांना तासभर बसवून ठेवलं आणि दर पंधरा मिनिटांनी ताप पाहिला. थंडी वाजली नाही.